कोऱ्या रकान्यातली आवडा

बस डेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे, एक लांबुळकी खोली आहे. बसमध्ये लोक जे जे विसरतात ते सगळं तिथे येऊन पडतं. छत्र्यांचं तर विचारूच नका. त्याखेरीज डबे, काठ्या, चष्मे, एकेकटे हातमोजे, आणि एकदा तर दातांची कवळी. कवळी विसरून माणूस बसमधून उतरतो कसा, हे कोडं डेपोला आजतागायत सुटलेलं नाही. या खोलीत एकतीस वर्षं एकच बाई बसते आहे. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी तिला सापडबाई म्हणतात. पहिल्यांदा चिडली होती, मग सवय झाली, आणि आता कुणी ‘मॅडम’ म्हटलं तर ती मागे वळून बघते की कोण आलं.

काम म्हणाल तर साधं. वस्तू आली की तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. तारीख, बसचा नंबर, आणि वस्तूवर मालकाचं नाव असेल तर ते. नसेल तर तो रकाना कोरा सोडायचा. नाव असलेली वस्तू वर्षभर सांभाळायची, मालकाला पत्र धाडायचं, दोनदा, तीनदा. कोऱ्या रकान्याची वस्तू मात्र तीन महिन्यांनी मागेल त्याला देऊन टाकायची मुभा होती. नवीन लागलेल्या कंडक्टरांना सापडबाई बजावून सांगायची, “डब्यावर नाव घाला रे. नाव घातलेली वस्तू परकी होत नाही. मग खुशाल विसरा.”

काळजी करण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सकाळी कुलूप लावून दोन जिने उतरली की परत वर जायची, कुलूप ओढून बघायची, खाली यायची, आणि बसस्टॉपवर उभी राहिल्यावर गॅस आठवायचा. लेकीला यायला दहा मिनिटं उशीर झाला की हिच्या डोळ्यांसमोर अख्खा अपघात उभा, पोलिसांसकट. जावई हसून म्हणायचा, “आई, तुम्हाला काळजी नसली की आम्हाला काळजी वाटते.” पण या सगळ्या किरकोळ काळज्यांच्या बुडाशी एक मोठी काळजी नऊ वर्षं दबा धरून बसली होती, आणि तिच्याबद्दल सापडबाईनं कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

ती काळजी तिच्या नावाची होती.

कागदोपत्री सापडबाईचं नाव आवडा. जुन्या वळणाचं नाव, तिच्या पिढीतसुद्धा वर्गात दुसरी आवडा नव्हती. शाळेत पोरी चिडवायच्या, “कुणाला गं आवडा?” ही ठसक्यात उत्तर द्यायची, “आईला!” आणि त्यात तिला तिळमात्र शंका नव्हती. आई कडक होती, जिभेची तिखट होती, पण शेंडेफळावर तिचा जीव होता. म्हातारपणी आई राहिलीसुद्धा हिच्याकडेच. शेवटच्या आजारात ताप डोक्यात गेला तेव्हा हीच उशाशी बसून कपाळावर घड्या बदलत होती. तेव्हा आई डोळे मिटून, स्पष्ट, आज्ञा केल्यासारखी म्हणाली होती, “नाव नका लिहू. त्या पोरीचं नाव नका लिहू. कोरं ठेवा.” दोनदा म्हणाली. तिसऱ्या दिवशी गेली.

तापातलं बरळणं ते, असं सापडबाईनं मनाला समजावलं. मन कुठलं ऐकतंय? त्यात गेल्या वर्षी निवृत्तीच्या कागदांसाठी जन्मनोंदीच्या मूळ अर्जाची झेरॉक्स काढावी लागली, आणि आगीत तेल पडलं. सगळा अर्ज वडिलांच्या बारीक, तिरक्या अक्षरात होता. बाळाच्या नावाचा रकाना तेवढा वेगळा. तिथली अक्षरं मोठाली, गोल, दाबून लिहिलेली, आणि ‘ड’ची शेपटी मांजराच्या शेपटीसारखी वर वळलेली. एकतीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं वाचून पोट भरलेल्या बाईला एका नजरेत कळलं, की लिहिणारा हात दुसरा. कोणाचा? आईनं जे नाव लिहू नका म्हटलं, ते कुणी लिहिलं? आणि आई का नको म्हणत होती? मग डेपोच्या खोलीत बसल्या बसल्या तिच्या मनात नको नको ते यायचं. आपणही अशाच कुठून तरी आलेल्या असू. कुणाच्या तरी विसरलेल्या. आणि आई म्हणालीच असेल, राहू दे चिठ्ठी कोरी, न्यायला येईल कुणीतरी.

हे असंच पोटात ठेवून ती निवृत्तही झाली असती. पण लेकीला सातवा महिना लागला आणि लेकीनं जाहीर केलं, “मुलगी झाली तर आवडा. ठरलं. जुनी नावं किती गोड असतात!” लेकीनं बाळासाठी एक जाडजूड वही आणली होती. पायाचा पहिला ठसा, पहिला दात, अशी पानं. त्यात एका पानावर छापलं होतं ‘माझ्या नावाची गोष्ट’. ते पान लेकीनं आईसमोर ठेवलं. “हे तू लिहायचंस. तुझं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, सगळं.” सापडबाईनं वही पिशवीत घातली आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. नातीच्या गळ्यात हे नाव बांधायचं, ते नेमकं काय आहे हे ठाऊक नसताना? खोटं लिहायचं, तर हात धजेना. खरं लिहायचं, तर माहीत नाही.

माहीत असेल असं जगात एकच माणूस उरलं होतं: आक्का, तिची थोरली बहीण. दोघींत तेरा वर्षांचं अंतर. आणि नुसतं वर्षांचंच नाही. आक्का तेराव्या वर्षीच आत्याकडे राहायला गेली होती. आत्या वडिलांची बहीण, पैसेवाली, मूलबाळ नसलेली. घरात सांगितलं जायचं, थोरलीला शिकायला पाठवलंय. सापडबाईला लहानपणी आक्काचा हेवा वाटायचा, मोठेपणी राग यायला लागला. बंगल्यात राहिली, आम्हाला विसरली. लग्नकार्याला यायची, कडेकडेनं बसायची, निघून जायची. धाकट्या बहिणीला कधी नावानं हाकही मारली नाही तिनं. नेहमी ‘बारके’. परक्या पोरीला मारावी तशी.

आणि आता आक्काच्या मेंदूत गाठ निघाली होती.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी. गाठ वाईट नव्हती पण जागा वाईट होती. डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं, जीव वाचेल, वाचेचं मात्र सांगता येत नाही. बोलणं राहील, जाईल, अर्धवट येईल. म्हणजे बुधवारची संध्याकाळ हातात होती, चार ते पाच, भेटीची वेळ. त्यानंतर आक्काला विचारून उपयोग होईल की नाही, देव जाणे. बुधवारी सापडबाईनं तीन छत्र्यांना एकाच बसचा नंबर घातला, चहा दोनदा उतू घालवला आणि साडेतीनलाच खोलीला कुलूप लावलं. कुलूप ओढून बघायला ती विसरली, यावरून काय ते समजा.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, खोलीच्या दाराशी आक्काची सून खुर्ची टाकून बसली होती. चांगली मुलगी, पण पहारेकऱ्याची नोकरी चुकली बिचारीची.

“मावशी, दहाच मिनिटं हं. आणि कसलंही टेन्शन द्यायचं नाही त्यांना. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. बीपी वाढलं तर उद्याचं पुढं ढकलतील.”

“मी कशाला टेन्शन देतेय?” सापडबाई म्हणाली. तिनं पिशवीतली झेरॉक्सची घडी चाचपून बघितली.

आक्का उशीला टेकून बसली होती. डोकं भादरलेलं, त्यावर हिरवी टोपी. तोंड एवढंसं झालेलं. मांडीवर एक पाटीवजा फळी, त्यावर कागद, हातात पेन्सिल.

“ये गं बारके. बस.”

“काय लिहितेस?”

“ती बोलणं शिकवणारी डॉक्टरीण आहे ना, तिनं सांगितलंय. रोज लागणारे दहा शब्द लिहून ठेवा म्हणाली. उद्या वाचा गेली तर निदान बोट दाखवता येईल. बघ तरी, सत्तर वर्षं बोलले आणि दहा शब्द निवडताना घाम फुटला.”

सापडबाईनं कागद हातात घेतला. पाणी. चहा. दुखतं. उजेड. बास. आणि सहावा शब्द: डोकं. तिची नजर त्या ‘ड’वर खिळली. शेपटी वर वळलेली, मांजराच्या शेपटीसारखी. तिनं परत ‘उजेड’ पाहिला. तिथेही तीच. मोठाली, गोल, दाबून लिहिलेली अक्षरं. तिच्या छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, आक्काच्या उशाशी लावलेलं ठोके मोजायचं मशीन आपलेच ठोके मोजतंय की काय.

टेन्शन द्यायचं नाही. बीपी वाढवायचं नाही. ती कागद खाली ठेवायला गेली, ठेवला, पुन्हा उचलला. आक्का बघतच होती.

“काय झालं गं? भूत बघितलंस?”

“काही नाही.”

“तू लहानपणापासून ‘काही नाही’ म्हटलीस की समजावं, काहीतरी मोठं आहे. बोल. उद्या मला विचारशील आणि मी ‘चहा’वर बोट ठेवीन.”

सापडबाईला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. तिनं पिशवीतून झेरॉक्सची घडी काढली आणि आक्काच्या फळीवर, त्या दहा शब्दांच्या शेजारी ठेवली. आक्कानं चष्मा लावला. मग नावाच्या रकान्यावरून तिनं अंगठा फिरवला.

“केवढं दाबून लिहिलं होतं,” ती म्हणाली. “कारकुनाचा टाक होता. मोडेल म्हणून ओरडला होता मला.”

“तू लिहिलंस?”

“मग कोण?”

“आणि आई म्हणत होती नाव लिहू नका. जाताना म्हणाली, आक्का. मी ऐकलंय. नऊ वर्षं झाली.” सापडबाई पुढे सरकली. “मी त्यांची होते ना? मला फक्त एवढं सांग. मी कुणाची होते?”

“अगं वेडे!” आक्कानं तिचं मनगट धरलं. “त्यांचीच होतीस. माझ्या डोळ्यांदेखत झालीस, पाणी मी तापवलं होतं. नऊ वर्षं हे डोक्यात घेऊन फिरलीस? डोक्याचं ऑपरेशन माझं काय करतायत, तुझं करायला हवं.”

मग आक्कानं दाराकडे नजर टाकली, आवाज खाली आणला आणि सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं.

आवडा झाली तेव्हा आईला काहीतरी झालं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाळ रडलं तरी कूस बदलायची नाही. दूध पाजायला कुणी बाळ जवळ ठेवलं तर डोळे मिटून घ्यायची. आज डॉक्टर त्याला आजार म्हणतील, औषध देतील. तेव्हा शेजारीपाजारी म्हणायचे, बाई बिघडली. वडील कामावर जाऊन जाऊन थकलेले. शेवटी आत्याला निरोप गेला, बाळ घेऊन जा. आत्या तयारच होती. तिची अट एकच होती: बाळाचं नाव ठेवू नका. माझ्या घरी नेऊन मी ठेवीन, म्हणजे ते पहिल्यापासून माझं. रविवारी येऊन घेऊन जायचं ठरलं.

“जन्माची नोंद करायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती,” आक्का म्हणाली. “बाबांना रजा नव्हती. त्यांनी अर्ज भरला, नाव तेवढं सोडलं, आणि माझ्याकडे दिला. ऑफिसात नेऊन दे म्हणाले. मी निघाले तेव्हा आई महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून बोलली. ‘नाव नका लिहू त्या पोरीचं. कोरं ठेवा.’ हेच. हेच तिच्या मनात शेवटपर्यंत सलत राहिलं असणार.”

सापडबाईला आईचा राग आला, आणि त्याच दमात आईची तेवढीच कीवही आली.

“मी काही शहाणी नव्हते हं. मला फक्त चीड आली होती. बाजारातली भाजी नेल्यासारखं चालले होते तुला घेऊन. एक महिना मी तुला वाटी-चमच्यानं दूध पाजलेलं. खिडकीपाशी उभी राहिले तर तो कारकून म्हणाला, रकाना कोरा आहे, नाव काय? मी म्हटलं, द्या टाक, लिहायचं राहिलंय. आणि लिहिलं.”

“पण हेच का?”

“शेजारच्या शिंपिणीची आई नव्हती का? तुला कुठून आठवणार. नव्वदीची म्हातारी, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. आवडाबाई. माझ्या ओळखीत एवढी वर्षं टिकलेलं दुसरं माणूसच नव्हतं. मी तिला एकदा विचारलं होतं, आजी, तुमचं नाव असं कसं? ती म्हणाली, पाच मुलींवर सहावी मी. बाप माझं तोंड बघायला येईना. तेव्हा माझ्या आजीनं हे नाव ठेवलं. म्हणाली, अगं, आवडली म्हणून नव्हे. आवडावी म्हणून.” आक्का दम घ्यायला थांबली. “घरच्या माणसांना दिवसातून पन्नासदा हाक मारावीच लागते ना? पन्नासदा तोंडानं म्हणायचं, आवडा, आवडा. मनाला कधीतरी ऐकू जातंच.”

दार किलकिलं झालं. सुनेनं घड्याळ दाखवलं. आक्कानं हातानंच पाच मिनिटं मागून घेतली.

“मग रविवारी?”

“मग काय? आत्या आली. बाबांनी सरकारी पावती दाखवली, पोरीचं नाव लागलंय म्हणाले. आत्या भडकली. दुसऱ्यांनी नाव ठेवलेलं मूल मला नको म्हणाली. पण रिकाम्या हातानं परत जाईल तर ती आत्या कसली? मला म्हणाली, नाव लिहिणारी कार्टी हीच ना? हिलाच पाठवा. हिच्या हातून काम तरी होईल.”

सापडबाईला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

“शिकायला गेली होतीस ना तू?”

“भांडी शिकले. केर शिकले. सहा वर्षं.” आक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली. “आईनं शपथ घातली होती, बारकीला सांगायचं नाही. आणि सांगून काय मिळणार होतं? तू तिच्या अंगाखांद्यावर खेळत होतीस. मी सणवाराला यायचे, ते बघायचे आणि जायचे.”

“मला वाटायचं, तू आम्हाला विसरलीस.”

“माहितेय. तोंडावर दिसायचं तुझ्या.”

“नावानं हाकसुद्धा मारली नाहीस कधी.”

“मी कशाला मारू?” आक्का म्हणाली. “मला तू आधीच आवडत होतीस. ते नाव त्यांच्यासाठी लिहिलं होतं मी.” तिनं टोपी जरा वर सरकवली. “निघायच्या दिवशी बोचकं बांधत होते. तू रडायला लागलीस. आतून आईचा आवाज आला, ‘आवडे, उगी.’ पहिल्यांदा. आपणहून. मी बोचकं तसंच सोडून ऐकत उभी राहिले. मग बाबांनी हाक मारली, आणि आम्ही निघालो.”

सून आत आली आणि या वेळी हटली नाही. सापडबाई उठली. तिनं आक्काची चादर तीनदा नीट केली, पाण्याचा पेला झाकला, परत उघडला आणि परत झाकला. तेरा वर्षांची पोर बोचकं घेऊन निघाली होती, आणि तिच्या जिवावर आपण शाळेत ठसक्यात ‘आईला!’ म्हणत होतो. एवढं एकच तिच्या मनात घुमत राहिलं.

गुरुवारी सकाळी आठला आक्काला आत नेलं. सापडबाई, लेक, सून आणि आक्काचा मुलगा बाहेरच्या बाकावर. तास गेले. लिफ्टचं दार उघडलं की सापडबाई उभी राहायची, मिटलं की बसायची. लेक म्हणाली, “आई, तू बस, नाहीतर मी तरी उभी राहते, माझं पोट बघून तुला लाज वाटेल.” तेव्हा कुठे ती बसली, आणि लेकीला तिनं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर लेकीनं पोटावर हात ठेवला.

“मग ठेवू का हे नाव?”

“तुझी पोर तुला आधीच आवडत असेल तर गरज नाही,” सापडबाई म्हणाली. “ठेवलंस तर त्या पानावर मी माझं काही लिहिणार नाही. आक्काचं लिहीन.”

दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती. बोलण्याचं शुद्धीवर आल्यावरच कळणार होतं. चार वाजता बोलणं शिकवणारी डॉक्टरीण आली आणि म्हणाली, नातेवाइकांपैकी एकेकानं चला. मुलगा गेला. आक्कानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, ओठ हलले, शब्द नाही. सून गेली. तेच. दोघं बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. सापडबाई आत गेली तेव्हा तिला मनातून पक्कं वाटत होतं, की काल त्या पंधरा मिनिटांत आपण हिच्या वाट्याचं सगळं बोलणं संपवून टाकलं.

आक्काच्या डोक्याला पांढरं बँडेज होतं. डोळे अर्धे उघडे. दहा शब्दांचा कागद उशाशी होता. डॉक्टरणीनं हातातल्या नातेवाइकांच्या यादीवर बोट ठेवलं.

“आजी, या कोण आल्यात? नाव सांगता येईल?”

आक्का बघत राहिली. मशीन टिकटिकत होतं. आक्काची जीभ ओठांवर आली, परत आत गेली. कपाळाला आठी पडली.

“बा...” मग मोठी खोल धाप. “बार...की.”

डॉक्टरणीनं यादीत पाहिलं, पेन उचललं आणि हळहळत म्हणाली, “बोलल्या, हे फारच चांगलं आहे. पण नाव चुकलं. इथं बहिणीचं नाव आवडा लिहिलंय.”

“चुकलं नाही,” सापडबाई म्हणाली. तिनं आक्काचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता. “बरोबर म्हणून लिहा, डॉक्टर. ते दुसरं नावसुद्धा तिनंच लिहिलंय.”